दवाखान्याचं पान: ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका घराचा वर्षाचा हिशेब

मामांना हिशेब लिहायची सवय मशीद बंदरला लागली. टोळीनं दिवसभरात किती गोणी वाहिल्या ते मुकादम लिहायचा. मुकादमाच्या वहीवर मामांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून ते आपलं वेगळं लिहायचे. मार्केट वाशीला गेलं, वहीही गेली. साठीला टोळी सुटली, फंडाचा पैसा घराच्या स्लॅबला आणि धाकटीच्या लग्नाला लागला, मामा कायमचे गावी परतले. वही मात्र सुटली नाही. आता वहीच्या जागी दोनशे पानी रजिस्टर असतं. वर्ष एप्रिलला सुरू, मार्चला बंद, अगदी पेढीसारखं.

२०२५ च्या एप्रिलात एका रविवारी गेलो तेव्हा त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं टाकलं. "मास्तर, बेरीज कर बघू. दवाखान्याचं पान मला खोटं वाटाय लागलंय."

मी कराडला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. लोकसंख्येचा मनोरा फळ्यावर काढतो, खाली लहान पोरं, वर म्हातारी माणसं; तळ अरुंद होत चालला आणि वरचा भाग फुगत चालला म्हणजे काय ते पोरांना सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं ८.६ टक्के होती आणि महाराष्ट्रात ९.९, हेही सांगतो. त्या रविवारी पहिल्यांदा तो मनोरा एका घराच्या पडवीत बसलेला दिसला. म्हणून हे लिहितोय. गावाचं, माणसांचं, दवाखान्यांचं नाव देत नाही. मामा म्हणाले, "आकडं छाप, नावं नगं." आकडे या एका घराचे आहेत, त्यावरून तालुक्याची सरासरी कुणी काढू नये.

घर

पाटण तालुक्यातलं ढेबेवाडी खोरं माथाड्यांचं. वांग नदीच्या दोन्ही अंगांच्या गावांत असं घर सापडणं अवघड, ज्यातलं कुणीच मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझं वाहत नव्हतं. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो असल्याच माणसांसाठी. माणसं मुंबईला आणि म्हातारी गावाला, ही इथली जुनीच रीत. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत जेमतेम ७ टक्क्यांनी वाढली, राज्याची १६ टक्क्यांनी. पोरं कमी जन्मली हे एक, आणि जन्मली ती कोपरखैरणे-घणसोलीला गेली हे दुसरं.

मामांच्या घरात आज तिघं आहेत. आजी ८८ वर्षांची, मामा ७१, मामी ६४. मामांचा मुलगा नवी मुंबईत टेम्पो चालवतो, त्याची बायको आणि दोन मुलं तिकडंच.

मामांकडची जुनी रजिस्टरं काढली. २०१६-१७ चं सापडलं. त्या वर्षी घरात सहा माणसं होती: आजी, मामा, मामी, सून आणि दोन नातवंडं, सहा वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात. तेव्हा फक्त मुलगा मुंबईला होता. पोरं शाळेची झाली तशी सून त्यांना घेऊन तिकडं गेली. मी सहज वयांची सरासरी काढली. तेव्हा ३९ यायची. आज ७४ येते. माणसं नऊ वर्षांनी म्हातारी झाली आणि घर पस्तीस वर्षांनी.

हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. देशाचं वार्धक्य टक्क्या-टक्क्यानं वाढतं. २०२२ मध्ये साठीच्या पुढचे साधारण साडेदहा टक्के होते, २०५० पर्यंत वीस टक्क्यांवर जातील असा अंदाज आहे. सरकारं, विमा कंपन्या त्या चालीनं तयारी करतात. घर तसं म्हातारं होत नाही. जून महिन्यात शाळा उघडते, सून दोन पोरं आणि तीन बॅगा घेऊन एसटीत बसते, आणि त्या दिवशी संध्याकाळी घर एकदम म्हातारं झालेलं असतं.

दोन रजिस्टरं

२०१६-१७ च्या रजिस्टरात 'दवाखाना' या मथळ्याला एकच पान आहे. पोरांचा ताप, नातवाच्या हाताला लागलेला पत्रा, मामांची शुगरची तपासणी, आजीचा मोतीबिंदू (शिबिरात झाला, खर्च फक्त जेवणाचा). बेरीज ५,३४० रुपये.

२०२४-२५ च्या रजिस्टरात त्याच मथळ्याला अकरा पानं आहेत. मामांच्या हातची बेरीज ६८,६७०. मी केली तेव्हा ८२,८५० आली. फरक कुठून आला ते पुढं सांगतो. आधी माझी बेरीज:

मामांचं सप्टेंबरचं दुखणं, खिशातून गेलेले: १८,५००
तिघांच्या नेहमीच्या गोळ्या: २७,७५०
डॉक्टरांची फी आणि तपासण्या: ११,६००
गाडीभाडं: ९,७००
आजी पडली तेव्हाचा एक्स-रे, कराडची एक रात्र, हाडवैद्य: ६,२००
आजीचं अंथरूण, म्हणजे डायपर, एअर बेड, मलम: ९,१००

आता जमेची बाजू. मुलगा महिन्याला ८,००० पाठवतो, वर्षाचे ९६,०००. तीस गुंठ्यांतलं भात-सोयाबीन खर्च वजा जाता २८,०००. म्हशीचं दूध, पेंड-भुसा वजा जाता २६,०००. आजीचे श्रावणबाळ पेन्शनचे १८,०००. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून १२,०००. मामीचे लाडक्या बहिणीचे जुलैपासूनचे १३,५००. एकूण १,९३,५००.

म्हणजे घरात आलेल्या शंभर रुपयांतले जवळजवळ ४३ दवाखान्याच्या पानावर गेले. घरखर्चाच्या दहा टक्क्यांच्या वर दवाखाना गेला की त्याला आपत्तीसारखा खर्च म्हणायचं, असं एक माप जागतिक पातळीवर वापरतात. दुसरं, कडक माप पंचवीस टक्क्यांचं. मामांचं घर दोन्ही मापं ओलांडून बाहेर उभं आहे. महागाई दीडपट धरली तरी २०१६ चे ५,३४० आज आठ हजार होतात. बाकीची वाढ महागाईच्या अंगावर ढकलता येत नाही.

माझ्या विषयात यावर एक जुना वाद आहे. झुरिक विद्यापीठातले पीटर झ्वाइफेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये स्विस विम्याच्या आकड्यांवरून असं मांडलं की, आरोग्यावरचा खर्च वयानं वाढत नाही, मरण जवळ येतं तसा वाढतो. म्हातारे वाढले म्हणून खर्च फुगेल ही भीती फसवी आहे. वर्गात मी हे मोठ्या चवीनं सांगत आलोय. मामांच्या घरात त्या वर्षी कुणी गेलं नाही आणि खर्च सोळापटीच्या आसपास गेला. झ्वाइफेल चुकले असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढं विमा कंपनीची वही होती, माझ्यापुढं मामांची होती. विमा कंपनीच्या वहीत जीपचं भाडं नसतं.

गौरी जेवल्या त्या रात्री

२०२४ च्या गणपतीत मुलगा गावी आला होता. गौरी जेवल्या त्या रात्री दोनच्या सुमारास मामांच्या छातीत दुखायला लागलं, घाम सुटला. मामीला वाटलं पुरणानं पित्त झालं. १०८ ला फोन लावायचं कुणालाही सुचलं नाही. ती रुग्णवाहिका फुकट आहे, २०१४ पासून राज्यभर चालते, आणि गावातल्या प्रत्येकाला नंबर पाठ आहे. शेजारच्याची जीप काढली, दोन हजारांत कराड. रात्री दार उघडलं त्या पहिल्या दवाखान्यात घातलं. ईसीजी, इंजेक्शन, आयसीयूची एक रात्र: ११,४००. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, शीर बंद आहे, सरकारी योजनेतल्या दवाखान्यात हलवा. हा दवाखाना योजनेत नव्हता. रुग्णवाहिका १,५००. दुसऱ्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून, रेशनकार्डावर. तिथं खिशातून काही गेलं नाही. सोबतच्या दोघांचा पाच दिवसांचा चहा, जेवण, निजायची सोय ३,६००.

योजनेबद्दल वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा दीड लाखांची मर्यादा होती आणि ठरावीक रंगाचं रेशनकार्ड लागायचं. २०२४ पासून राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. ती नसती तर मामांच्या स्टेंटला तीस गुंठे गेले असते. देशभराचा हिशेबही तेच सांगतो. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला.

पण घरी आल्यावर काय झालं ते बघा. स्टेंटच्या आधी मामांच्या गोळ्या महिन्याला ७८० रुपयांच्या असायच्या. स्टेंटनंतर २,४५०. योजना दवाखान्यातून सुटल्यावरची थोड्या दिवसांची औषधं देते. स्टेंट मात्र जन्माचा, आणि त्याच्या गोळ्या वर्षभर तरी चुकवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. योजना उंबऱ्यापर्यंत पोचवून परत गेली, गोळ्या घरात राहायला आल्या.

बेरीज पुन्हा एकदा बघितली तर सप्टेंबरचं ते मोठं, जीव घाबरवणारं दुखणं वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे. गोळ्यांचा वाटा एक तृतीयांश. गावात कुणालाही विचारा, मामांना किती खर्च आला, तर सगळे सप्टेंबरबद्दलच बोलतील. मीही तसाच बोलत होतो.

मुलाचे बारा दिवस बुडाले, दिवसाला आठशे धरले तर ९,६००. रजिस्टरात त्याचा उल्लेख नाही. त्यानं वरून २५,००० दिले, त्याची नोंद आहे. मामीची बोरमाळ सोनेतारणाला ठेवून ३०,००० उचलले, त्याचीही आहे.

माझी आई म्हणजे मामांची धाकटी बहीण, पण धाकटी म्हणायला जीभ अडखळते, कारण कारभार थोरलीसारखा करते. ती प्रत्येक खेपेला आजीच्या उशीखाली पाचशेच्या नोटा सारायची. मामांनी ते कधी जमेला धरलं नाही. लेकीचा पैसा माहेरच्या वहीत चढवायचा नसतो म्हणे. त्यामुळं १,९३,५०० हाही आकडा पुरता खरा नाही.

संक्रांतीनंतर

जानेवारीत आजी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. कराडला एक्स-रे काढला, एक रात्र ठेवली. अस्थितज्ज्ञ म्हणाले, ऑपरेशन करून लवकर उठवून बसवलेलं बरं, झोपून राहिली तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल. वय जास्त आहे, धोका आहे, पण झोपून राहण्याचा धोका त्याहून कमी नाही.

इथं आजीच्या वयाची गोष्ट सांगायला हवी. आधारकार्डावर तिचं जन्मसाल १९५७ आहे. मामांचं १९५४. कागदावर मुलगा आईपेक्षा तीन वर्षांनी मोठा. आधार काढायला आलेल्या पोरानं अंदाजानं टाकलं आणि कुणी वाचून बघितलं नाही. त्यामुळं श्रावणबाळचे पैसे तिला २०२२ ला सुरू झाले, कागदाची पासष्टी भरली तेव्हा. खरी ती तेव्हा पंचाऐंशीची होती. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट, पण आजीला नाही. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या फुकट उपचारांचं वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालं. मामांनी ते काढलं. त्यांच्या आईला ते मिळायला २०२७ उजाडावं लागेल.

त्यानं ऑपरेशन अडलं नसतं. दवाखान्यात योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र म्हणाले, रेशनकार्डावर बसवू. म्हणजे ऑपरेशन फुकट होतं.

तरी झालं नाही. दवाखान्याच्या जिन्यात आम्ही चौघं उभे होतो, मामा, मामी, मी आणि फोनवर स्पीकरवर मुलगा. मी म्हटलं, करूया. मुलगा म्हणाला, मी पाच दिवस काढतो, त्याच्या वर टेम्पोचा मालक ठेवायचा नाही. मामांना स्वतःला जिने चढायची बंदी. मामी काही बोलत नव्हती. मग म्हणाली, "ऑपरेशन करत्याल. फुडं धा-पंधरा दिस हितं कोन बसनार? मी बसले तर ह्यास्नी गोळी कोन देनार? म्हशीला वैरन कोन टाकनार? व्यायाम करून घ्याय मानूस येतंय त्याचं पैसं येगळं." तिनं बोटांवर मोजलं नाही, तिला मोजायची गरज नव्हती. आजी बेडवरून ओरडत होती, मला घरी न्या, मला कापू नका.

घरी नेली. पुढं हाडवैद्य झाला, लेप झाला, तीन खेपा झाल्या. ती आजतागायत अंथरुणावर आहे. फेब्रुवारीत पाठीला जखम झाली, ती मामीनं दिवसातून चारदा कूस बदलून भरून आणली.

माझं मत तेव्हाही करावं असंच होतं, आजही आहे. पण मत देणारा मी जिन्यातून थेट कॉलेजला गेलो. मामी म्हणत होती ते बिल कुठल्याच दवाखान्याच्या काउंटरवर छापून येत नाही. फुकट मिळणारी वस्तू त्या घरानं नाकारली, कारण तिच्यासोबत लागणारा माणूस फुकट मिळत नव्हता. धोरण ठरवणाऱ्यांच्या कागदात ही केस 'रुग्णानं उपचार नाकारले' एवढीच नोंदली जाईल.

फेब्रुवारीची नोंद

बेरीज करताना एका ओळीवर थांबलो. ऑक्टोबर ते जानेवारी दर महिन्याला मामांच्या गोळ्या २,४५०. फेब्रुवारीला १,२४०.

"मामा, फेब्रुवारीत गोळ्या स्वस्त झाल्या का?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती मोठी गोळी हुती न्हवं, सकाळ-सांच्याची. ती न्हाय आणली."

"का?"

"आईचं डायपर आलं ना त्या म्हैन्यात."

डायपर महिन्याला २,१०० चे. ते कुठून काढायचे याचा विचार करून मामांनी पाच गोळ्यांतली सगळ्यात महाग गोळी निवडली आणि बंद केली. ती रक्त पातळ ठेवायची गोळी होती, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेली. चोवीस दिवस घेतली नाही. डॉक्टरांना कळलं ते मार्चच्या भेटीत. त्यांनी मामांना झापलं आणि मग एक काम केलं: "परवडत नाही हे आधी सांगायचं," म्हणाले, आणि त्या महाग टिकाग्रेलॉरच्या जागी स्वस्तातली क्लोपिडोग्रेल लिहून दिली, सहा महिने झालेत तर आता चालेल म्हणाले. बाकीच्यांतल्या दोन मी जनऔषधीच्या स्वस्त दुकानातून आणायला लागलो. मार्चचं बिल १,३१०. म्हणजे मामांनी जिवावर उदार होऊन जेवढे वाचवले, जवळजवळ तेवढेच एक वाक्य बोलून वाचले असते. ते वाक्य बोलायला मात्र मामांना सहा महिने लागले. डॉक्टरपुढं 'परवडत नाही' म्हणणं त्यांना उसनं मागण्यासारखं वाटतं.

इथं मामांचीही एक खोड सांगायला हवी, नाहीतर ते फार बिचारे दिसतील. शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची ॲम्लोडिपिन सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. आशाताई घरी येऊन सांगून गेल्या, दोनदा. मामा म्हणतात, "फुकटच्या गोळीला गुण नसतो." मी त्यांना घटकद्रव्याचं नाव दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि मेडिकलमधलीच पट्टी खिशात घातली. आयुष्यभर ओझ्याच्या वजनावर पैसे घेतलेल्या माणसाला बिनपैशाच्या मालाचा संशय येतो, मी तरी असंच समजून घेतलंय.

किराण्याच्या पानावर

आता बेरजेतला फरक. १४,१८० रुपये दवाखान्याच्या पानावर नव्हते. त्यातले ९,७०० 'प्रवास' या मथळ्याखाली निघाले. मामांचं एसटीचं अर्धं तिकीट, मामीचं अर्धं तिकीट, हे किरकोळ. आजी एसटीची पायरी चढू शकत नाही आणि स्टेंटनंतर मामांनाही मुलानं एसटीनं जायला मनाई केली, त्यामुळं जीप. एका खेपेला बाराशे ते पंधराशे. मामांच्या लेखी लग्नाला गेलेली जीप आणि दवाखान्याला गेलेली जीप एकाच पानावर बसतात.

उरलेले ४,४८० शोधायला वेळ लागला. ते 'किराणा'त होते. तेल, गूळ, चहापूड, 'गोळ्या'. मला वाटलं पोरांसाठीच्या लिमलेटच्या. पण घरात पोरं कुठं आहेत?

त्या मामीच्या होत्या. बीपीची, कॅल्शियमची, गुडघेदुखीची, पित्ताची. सगळ्या नीट घेतल्या तर महिन्याला ६४० होतात. वर्षात सात महिने आणलेल्या. मामांच्या आणि आजीच्या गोळ्या आणायला मामा कराडला जातात, मामी आपल्या गोळ्या बाजारच्या दिवशी किराण्यासोबत आणते. म्हणून त्या किराण्यात. ज्या पाच महिन्यांत नाहीत ते महिने मी बघितले: सप्टेंबर, ऑक्टोबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

"मामी, या महिन्यांत तुम्ही गोळ्या घेतल्या नाहीत?"

"कुटं काय हुतंय मला," आतून आवाज आला.

मग मी खाली बसूनच तिचं बीपी मोजलं, आईसाठी घेतलेलं यंत्र गाडीत होतं. वरचं १७८ आलं. पाच मिनिटांनी परत मोजलं, १७४.

या घरात दोन आजारी माणसं आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिसरी त्या दोघांना सांभाळत होती म्हणून तिला आजारी धरायचं आमच्या ध्यानातच आलं नाही. ६४ वर्षांची बाई ८८ वर्षांच्या सासूची कूस दिवसातून चारदा बदलते, हे वाक्य आम्ही कौतुकानं सांगायचो. तिचं भांगलणीला जाणं बंद झालं, पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या बदली काम म्हणून, जायची तेही बंद झालं. वर्षात चाळीसेक दिवस तरी गेली असती, तीनशे रुपये हजेरी धरा. वहीत बारा हजारांचा तो खड्डा कुठंच दिसत नाही, कारण न आलेला पैसा मामा लिहीत नाहीत.

म्हैस फेब्रुवारीत विकली, ५८,००० ला. धार काढायला माणूस नव्हता हे खरं कारण. बोरमाळ सोडवायला व्याजासकट ३१,५०० गेले, उरलेले २६,५०० आजीच्या नावानं पतसंस्थेत ठेवलेत. ती म्हैस मी वर्षाच्या उत्पन्नात धरलेली नाही. घर विकून खाल्लं तर त्याला कमाई म्हणत नाहीत.

पुढचं वर्ष

मामा म्हणाले, आता फुडचं सांग. रजिस्टराच्या शेवटच्या पानावर मांडलं. मामांच्या गोळ्या १,३१०, आजीच्या ५२०, डायपर २,१००, मामीच्या ६४० (आता दर महिन्याला, हे मी ठणकावून लिहिलं), फी आणि तपासण्या सरासरी ९००, जीप ८००. महिन्याला ६,२७०. वर्षाला ७५,२४०.

यात कुणाला दवाखान्यात घालावं लागलेलं नाही. कुणी पडलेलं नाही, रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलेलं नाही. सगळं सुरळीत गेलं तर एवढे.

जमेत म्हैस नाही. मुलानं सप्टेंबरात दिलेले २५,००० परत मागता येणार नाहीत, नातू यंदा दहावीला आहे. मामी नोव्हेंबरात पासष्टीची होते, लाडकी बहीण तिथं थांबते, आणि श्रावणबाळची वर्षाला २१,००० उत्पन्नाची अट मुलाच्या पैशांनीच मोडते. सगळं धरून १,६६,००० येतील, तेही सोयाबीन चांगलं पिकलं तर. शंभरातले ४५.

मामांनी तो ४५ चा आकडा दोनदा गिरवला. म्हणाले, "सप्टेंबर नसताना बी?"

"सप्टेंबर नसताना बी."

थोडा वेळ गप्प बसले. गोठ्याकडं बघत होते. दावण रिकामी, कोपऱ्यात पेंडीचं पोतं तसंच. "पतसंस्थेतलं काढून म्हस परत घ्यावी का रं? दुधाचं तरी सुरू हुईल."

मी उत्तर द्यायच्या आत मामीनं आतून हाक मारली, कूस बदलायची होती आणि तिला एकटीला आता रेटत नव्हतं. मामांना वजन उचलायला बंदी आहे. मीच उठलो.